थांबलेल्या चित्रातला वारा

माझ्याकडे एकाच बगळ्याचे दोन फोटो आहेत, जेमतेम पाच मिनिटांच्या अंतराने काढलेले. पहिल्याचा शटर स्पीड, म्हणजे शटर उघडं राहण्याचा वेळ, १/३२०० सेकंद. पंखाचं पीस न् पीस मोजता येतं, चोचीच्या टोकाला लोंबणारा पाण्याचा थेंबसुद्धा दिसतो. दुसरा १/४० सेकंदाचा. त्यात पंख म्हणजे नुसता पांढरा धूसर पट्टा, पाय पुसलेले, मागची लव्हाळी आडवी ओढल्यासारखी. धड दिसतो तो फक्त डोळा आणि चोचीचा अर्धा भाग. पहिला फोटो बघणारे म्हणतात, "काय क्लिअर आलाय!" दुसरा बघणारे म्हणतात, "उडाला!"

दोन्ही चित्रं सारखीच निश्चल आहेत. तरी एकात पाखरू उडतं आणि दुसऱ्यात ते हवेत टांगल्यासारखं राहतं. असं का होतं हे मला बरेच फोटो वाया गेल्यावर उमगलं. चित्रात हालचाल दिसायला हवी असेल, तर काय थांबलेलं दिसणार हे आधी ठरवावं लागतं. बगळ्याच्या दुसऱ्या फोटोत तो डोळा थांबला नसता, तर उरलेला फोटो म्हणजे नुसता डाग होता.

क्षणालाही लांबी असते

"क्षण टिपला" असं आपण सहज म्हणतो. कॅमेऱ्याचा क्षण मात्र टिंबासारखा नसतो, रेघेसारखा असतो. कधी नखाएवढी रेघ, कधी हातभर. शटर उघडल्यापासून मिटेपर्यंत लेन्ससमोर जे जे घडतं ते सगळं सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पाटीवर, एकावर एक साठत जातं. तेवढ्या वेळात जी वस्तू जागची हलली नाही, तिचा प्रकाश एकाच जागी साठतो आणि ती रेखीव उमटते. जी हलली, तिचा प्रकाश वाटेवर सांडत जातो. ही सांडलेली वाट म्हणजेच ब्लर.

सांडणं फारच लांबलं तर काय होतं, याचा एक जुना दाखला आहे. १८३८ साली फोटोग्राफीच्या आद्य संशोधकांपैकी एक, लुई दागेर यांनी पॅरिसमधल्या एका रुंद रस्त्याचा फोटो खिडकीतून काढला. रस्ता वर्दळीचा होता, पण त्या काळच्या प्लेटवर चित्र उमटायला काही मिनिटं लागत. घोडागाड्या आल्या नि गेल्या, माणसं चालत राहिली आणि त्यांतलं कुणीच प्लेटवर उमटलं नाही. रस्ता ओस पडलेला दिसतो. कोपऱ्यात एक आकृती मात्र आहे. बूट पॉलिश करून घ्यायला एक पाय वर ठेवून तो माणूस जागच्या जागी उभा राहिला होता, म्हणून तेवढा वाचला.

म्हणजे हालचाल दोन्ही टोकांना हरवते. शटर अगदी थोडा वेळ उघडलं तर हलणारी वस्तू थिजते. फार वेळ उघडं राहिलं तर ती दिसेनाशी होते. हालचाल डोळ्यांना जाणवते ती या दोन टोकांमधल्या पट्ट्यात. हा पट्टा प्रत्येक दृश्यासाठी वेगळा असतो आणि तो शोधणं हेच यातलं खरं काम आहे.

एक हिशेब करून पाहू. समजा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा आहे आणि चित्राच्या रुंदीत ६००० पिक्सेल आहेत. पक्षी ज्या अंतरावर आहे तिथली ३ मीटर रुंदी आपल्या फ्रेममध्ये मावते. म्हणजे तिथला १ मीटर म्हणजे चित्रातले २००० पिक्सेल. पक्षी सेकंदाला १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर वेगाने आडवा चालला आहे. कॅमेरा स्थिर धरला, तर १/२००० सेकंदात तो १० पिक्सेल सरकेल आणि जवळजवळ रेखीव येईल. १/५०० ला ४० पिक्सेल सरकेल, कडा मऊ पडतील. १/६० ला सव्वातीनशेच्या वर, म्हणजे पक्षी ओळखू येईल पण पिसं गेली. १/१५ ला तो १३०० हून जास्त पिक्सेल, चित्राच्या पाव रुंदीच्या आसपास, पसरेल.

यातून कळतं की पक्ष्याचा वेग हा अर्धाच भाग झाला. तोच पक्षी आपल्यापासून चौपट अंतरावर असता तर पिक्सेलचा आकडा पावपट झाला असता. तो सरळ आपल्याकडे उडत येत असता तर फ्रेममध्ये आडवा जवळपास सरकलाच नसता. उलट, फुलाचा मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून घेतलेला फोटो, काढताना फ्रेममध्ये फक्त ३ सेंटीमीटर मावत असतील आणि झुळकेने फूल अर्धा सेंटीमीटर डोललं, तर चित्रात ते १००० पिक्सेल हलतं. तेवढं सरकायला आपल्या पक्ष्याला अर्धा मीटर उडावं लागेल. म्हणून "पक्ष्यांना अमुक स्पीड, फुलांना तमुक" असे तक्ते पाठ करण्यात अर्थ नाही. चित्रात ती वस्तू किती सरकणार, एवढाच प्रश्न विचारावा.

थिजवलं तरी जिवंत कसं ठेवायचं

जून १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात पालो आल्टो इथे फोटोग्राफर एडवर्ड मायब्रिज यांनी धावपट्टीच्या कडेने बारा कॅमेरे ओळीने मांडले. पट्टीवर आडवे दोरे ताणले होते. भरधाव घोडी एकेक दोरा तोडत गेली आणि एकेका कॅमेऱ्याचं शटर पडत गेलं. दौडीत चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटतात हे त्यातून सिद्ध झालं, पण ते सुटतात पाय पोटाखाली गोळा झालेले असताना. चित्रकार तोवर धावता घोडा पुढचे पाय पुढे नि मागचे मागे ताणून, हवेत तरंगताना काढत असत. तसा क्षण दौडीत येतच नाही.

पण गंमत बघा, त्या खऱ्या फोटोंतली कित्येक चित्रं सुटी पाहिली तर घोडी धावतेय असं वाटत नाही, ती अवघडून उभी असल्यासारखी दिसते. शिल्पकार ऑग्युस्त रोदाँ यांची क्षणचित्रांवर हीच हरकत होती. प्रत्यक्षात काळ थांबत नाही, मग थांबलेला काळ दाखवणारं चित्र खरं कसं म्हणायचं, असा त्यांचा मुद्दा. मला तो अर्धा पटतो. थिजवलेल्या चित्रात हालचाल राहू शकते, पण कोणत्याही क्षणी नाही. जो क्षण तसाच टिकून राहूच शकत नाही, तो निवडावा लागतो.

लाट फुटताना तिच्या माथ्यावरून उडालेलं पाणी, उडी मारलेलं हरीण, पाण्यापासून बोटभर अंतरावर पोचलेला खंड्या. यांतलं काहीही तसंच राहणं शक्य नाही हे बघणाऱ्याला न सांगता कळतं, आणि पुढचा क्षण तो मनातच पुरा करतो. हेरॉल्ड एजर्टन यांचा दुधाच्या थेंबाचा १९५७ सालचा फोटो याच कारणाने अजून नवा वाटतो. पातळ थरावर थेंब पडून दुधाचा मुकुट उभा राहिला आहे आणि त्याच्या टोकांवरून मणी सुटत आहेत. विजेच्या क्षणभर लखलखणाऱ्या फ्लॅशने सगळं थिजवलं आहे, तरी तो मुकुट पुढच्या क्षणी कोसळणार हे चित्रातच लिहिलेलं आहे. याउलट पंख आडवे पसरून संथ तरंगणारी घार निळ्या आभाळावर १/४००० ने टिपली, तर कापून चिकटवल्यासारखी दिसते. तिच्यात अस्थिर असं काही नाही.

पक्ष्यांच्या बाबतीत पंख पूर्ण वर किंवा पूर्ण खाली असतानाचा क्षण बहुधा जास्त बोलतो. मधल्या स्थितीत ते बाजूने नुसत्या रेघेसारखे दिसतात किंवा डोकं झाकतात. त्यात एक सोयही आहे. खाली-वर होणारी कोणतीही वस्तू टोकाला पोचली की दिशा बदलण्यापूर्वी क्षणभर तिचा त्या दिशेचा वेग शून्यावर येतो. उडीच्या माथ्यावरचं जनावर, झोक्याच्या टोकावरची फांदी, फडफडीच्या टोकावरचा पंख, सगळ्यांना हाच नियम. त्यामुळे एकाच शटर स्पीडला टोकावरचा पंख रेखीव आणि मधला धूसर येतो. हे ध्यानात आलं की मंद प्रकाशातही हिंमत करता येते.

बर्स्ट मोडवर, म्हणजे बटण दाबून धरलं की एकामागोमाग फोटो काढत सुटण्याच्या सोयीवर, भरवसा ठेवून हा क्षण साधत नाही, हेही सांगायला हवं. कॅमेरा सेकंदाला २० फोटो काढत असला तरी दोन फोटोंत १/२० सेकंदाची फट असते, आणि सेकंदाला १० मीटर वेगाने सूर मारणारा पक्षी तेवढ्यात अर्धा मीटर पुढे गेलेला असतो. हवा तो क्षण नेमका फटीत पडतो. हल्लीचे काही कॅमेरे बटण पूर्ण दाबण्याच्या आधीचे फोटोही साठवून ठेवतात. त्याने फार मदत होते, पण जनावराची चाहूल ओळखणं त्याहून उपयोगी. पक्षी शक्यतो वाऱ्याकडे तोंड करून उडतात आणि उतरतातही तसेच. म्हणून वारा आपल्या पाठीवर घेऊन उभं राहावं, म्हणजे पक्षी समोरून येतो. मोठे पक्षी उडण्याआधी पुष्कळदा पुढे झुकतात, शिटतात, अंग आवळतात. हे दिसलं की बोट बटणावर हवं.

पॅनिंग: जग हलवायचं, पाखरू थांबवायचं

या सगळ्यातलं मला सर्वांत प्रिय तंत्र हे. पक्षी किंवा धावणारं जनावर ज्या वेगाने आडवं जातं, त्याच वेगाने कॅमेरा त्याच्याबरोबर फिरवायचा आणि फिरवता फिरवताच फोटो काढायचा. शटर १/६० पासून १/१५ पर्यंत कितीही मंद. सेन्सरच्या दृष्टीने पक्षी एकाच जागी आहे आणि मागचं सगळं जग वेगाने सरकतं आहे. म्हणून पक्षी त्यातल्या त्यात रेखीव आणि पार्श्वभूमी आडव्या रेघांची. वेग दिसतो तो या दोहोंच्या फरकातून.

करायचं कसं? जिथे फोटो काढायचा तिकडे पावलं रोखून उभं राहायचं, कोपर बरगड्यांना टेकवायचे आणि कमरेतून वळायचं. पक्षी लांब असतानाच त्याला फ्रेममध्ये घ्यायचं आणि एका लयीत त्याच्याबरोबर फिरायला लागायचं. बटण त्या लयीतच, हलक्या हाताने दाबायचं. फोटो निघाल्यावरही फिरणं थांबवायचं नाही. नवशिक्याचे बहुतेक फोटो इथेच बिघडतात, कारण बटण दाबताच हात आपोआप थबकतो आणि तो थबका चित्रात उतरतो. लेन्समधल्या स्टॅबिलायझेशनला, म्हणजे हाताची थरथर सावरणाऱ्या सोयीला, पॅनिंगची वेगळी सेटिंग असेल तर ती निवडावी. मग यंत्र वरखाली होणारी थरथर सावरतं आणि आपण मुद्दाम केलेल्या आडव्या हालचालीशी भांडत नाही.

आता यातल्या खोचा. उडताना बऱ्याच पक्ष्यांचं डोकं आश्चर्य वाटावं इतकं स्थिर राहतं. धड पंखांच्या झटक्याने वरखाली होतं आणि मान ते झटके सावरून घेते. त्यामुळे १/४० लाही डोळा रेखीव येऊ शकतो आणि पंखांची टोकं, जी सगळ्यांत जास्त अंतर कापतात, ती पूर्ण विरघळतात. माझ्या बगळ्याचं हेच झालं. चौपायांचं तसं नाही. दौडीत त्यांचं सगळं अंगच वरखाली उसळतं, आणि आडवा फिरणारा कॅमेरा ती उसळी पकडू शकत नाही. म्हणून हरणांच्या कळपाचा पॅनिंग फोटो पक्ष्यापेक्षा कितीतरी अवघड. तिथे उसळीच्या माथ्यावरचा क्षण मिळाला तर मिळाला.

दुसरी गोष्ट पार्श्वभूमीची, आणि ती मी कितीतरी उशिरा शिकलो. रेघा उमटायला मागे काहीतरी असावं लागतं. कोऱ्या आभाळासमोर कितीही सुंदर पॅनिंग करा, मागे कोरं आभाळच येणार, वेग दिसणार नाही. लव्हाळी, झाडीच्या फटींतून झिरपणारे कवडसे, पाण्यावरची चमक, वेगवेगळ्या रंगांची पानं, अशी गर्दी मागे असली की रेघांना रंग येतो. एरवी पक्ष्यांच्या फोटोत जी पार्श्वभूमी आपल्याला नकोशी वाटते, ती पॅनिंगला नेमकी हवी असते. आणि पक्षी आपल्याला समांतर जायला हवा. तिरका येत असेल तर डोक्याचा आणि शेपटीचा चित्रातला वेग वेगवेगळा पडतो, एक टोक रेखीव येतं आणि दुसरं फाटतं.

शिवाय प्रकाश. स्वच्छ उन्हात ॲपर्चर (लेन्सचं छिद्र; एफचा आकडा मोठा तितकं ते बारीक) एफ/१६ आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) १०० ठेवला तर योग्य शटर स्पीड साधारण १/१०० सेकंद येतो. १/३० हवा असेल तर भर दुपारी फिल्टरशिवाय मिळणं कठीण. एफ/२२ पर्यंत छिद्र बारीक केलं तर चित्राची धार थोडी जाते आणि सेन्सरवरची धूळ ठिपक्यांनी दिसायला लागते. म्हणून पहाट, सांज, ढगाळ दिवस, दाट सावली हे पॅनिंगचे दिवस. इतर फोटोग्राफर प्रकाश कमी झाला म्हणून कॅमेरा बॅगेत भरतात, तेव्हा हे काम सुरू होतं. माझे शंभरातले दोन-तीन फोटो ठेवण्याजोगे निघतात. यात निराश होण्यासारखं काही नाही, या तंत्राचं गणितच तसं आहे.

पाण्याला किती वेळ द्यायचा

धबधबा किंवा ओढा हा शटर स्पीड शिकायला सगळ्यांत उत्तम गुरू, कारण तो तासन् तास तेच करत राहतो. १/१००० ला पाण्याचे मणी होतात. १/६० ला ते ना मणी ना धागे, नुसतं अस्पष्ट दिसतं. १/४ सेकंदाच्या आसपास धागे दिसू लागतात, पाणी कुठून आलं, कुठल्या दगडावरून घसरलं, कुठे वळलं हे कळतं. दोन-तीन सेकंदांत धागे एकमेकांत मिसळतात. तीस सेकंदांत धुकं.

हे दुधासारखं धुकं फार लोकप्रिय आहे, पण मी त्यापासून दूर राहतो. पाण्याला वजन असतं. ते आपटतं, ढकलतं, दगड झिजवतं. तीस सेकंदांच्या चित्रात ते सगळं निघून जातं आणि उरतो कापूस. दागेर यांच्या रस्त्यावरच्या गाड्यांसारखंच पाणीही नाहीसं होतं. शांतताच दाखवायची असेल, मोठ्या तळ्यावरची किंवा सागराची, तर लांब एक्स्पोजरला, म्हणजे शटर बराच वेळ उघडं ठेवायला, माझी ना नाही. धबधब्याचा जोर दाखवायचा असेल तर १/८ ते १/२ सेकंदाच्या मध्ये रेंगाळावं. समुद्राची लाट टिपताना ती येते तेव्हापेक्षा परतते तेव्हा बटण दाबून बघा, अर्धा सेकंद. ओसरणारा फेस वाळूवर आणि दगडांभोवती स्वतःच रेघा काढतो.

एवढा मंद शटर उजेडात मिळावा म्हणून एनडी फिल्टर लावतात. ही लेन्सपुढे लावायची राखाडी काच, जी रंग न बदलता प्रकाश कमी करते. एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा. म्हणून तीन स्टॉपची काच प्रकाश आठ पटींनी कमी करते, सहाची ६४ पटींनी, दहाची सुमारे हजार पटींनी. काच नसताना १/१५ सेकंद लागत असेल, तर दहा स्टॉपची काच लावल्यावर एक मिनिट आठ सेकंद. ओढ्यासाठी एवढी गडद काच बहुधा लागत नाही. सावलीत साधा पोलरायझर, म्हणजे चमक कापणारी फिल्टरची काच, पुरतो. तो दीड-दोन स्टॉप प्रकाश अडवतो आणि वर ओल्या दगडांवरची चमक काढून त्यांचा खरा रंग दाखवतो.

इथेही थांबलेल्या वस्तूवरच सगळा डोलारा उभा असतो. ट्रायपॉड पक्का हवा, बटण हाताने न दाबता दोन सेकंदांच्या टायमरने किंवा रिमोटने, आणि फ्रेममध्ये एखादा तरी ठाम दगड. नुसत्या धाग्यांची चौकट काढली तर ते पाणी आहे की कापड, हेही कळेनासं होतं. भोवऱ्यात अडकलेलं एखादं पान किंवा फेसाचा पुंजका दिसला तर तिथे थांबा. दहा-वीस सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये तो स्वतःभोवतीची पूर्ण वर्तुळं काढतो आणि जी फिरकी पाण्यात आपल्याला दिसतच नव्हती ती चित्रात उघडी पडते.

आभाळात हाच खेळ मोठ्या पटावर चालतो. ढगांना एक ते चार मिनिटं द्यावी लागतात, आणि ते आपल्या दिशेने येत किंवा आपल्यापासून दूर जात असतील तर चित्रात एका बिंदूतून किरणांसारखे फाकतात. ताऱ्यांना आणखी वेळ. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणून तासाभरात प्रत्येक तारा वर्तुळाचा चोविसावा भाग काढतो. इथे मला नेहमी थबकायला होतं. ट्रायपॉड जमिनीवर रोवलेला असला की झाड रेखीव येतं आणि तारे रेघा होतात. तोच कॅमेरा पृथ्वीच्या उलट दिशेने, तिच्याच वेगाने फिरणाऱ्या यंत्रावर बसवला तर तारे टिंब होऊन थांबतात आणि झाड फरफटतं. दृश्य तेच, रात्र तीच. खरं तर दुसऱ्या चित्रात हलणारी पृथ्वी दिसते, आणि ती आपल्याला चूक वाटते.

मुद्दाम कॅमेरा हलवून फोटो काढायची एक पद्धत आहे, तिच्याबद्दल थोडक्यात. उंच सरळ खोडांच्या जंगलात १/४ सेकंदाला कॅमेरा वरून खाली ओढला तर खोडं रंगाच्या उभ्या पट्ट्या होतात. छान दिसतं. पण ती हालचाल झाडाची नसते, आपल्या हाताची असते, त्यामुळे मला ते क्वचितच भावतं. जिथे हाताची दिशा आणि वस्तूचा आकार जुळतो तिथेच ते टिकतं; खोडांना उभी, क्षितिजाला आडवी.

ब्लर नसलेली हालचाल

आता थोडं डोक्याच्या आतलं. मानसशास्त्रज्ञ जेनिफर फ्रायड यांनी १९८३ मध्ये एक प्रयोग मांडला. लोकांना चालू असलेल्या कृतीचं एक चित्र दाखवायचं, मग दुसरं दाखवून विचारायचं की हे तेच आहे का. दुसरं चित्र कृतीतल्या पुढच्या क्षणाचं असलं की "हे वेगळं आहे" म्हणायला लोकांना जास्त वेळ लागे. मागच्या क्षणाचं असलं तर लवकर ओळखू येई. म्हणजे मनातलं चित्र न सांगता थोडं पुढे सरकलेलं असतं. २००० साली झो कोर्त्झी आणि नॅन्सी कॅनविशर यांनी मेंदूचं स्कॅनिंग करून दाखवलं की प्रत्यक्ष हालचाल पाहताना मेंदूचा जो भाग जागा होतो, तोच भाग हालचाल सुचवणाऱ्या निश्चल फोटोंनीही, संथ विषयांच्या फोटोंपेक्षा जास्त, जागा होतो.

म्हणून कधीकधी शटर स्पीडला हातही न लावता काम होतं. धावणाऱ्या प्राण्याच्या पुढे मोकळी जागा ठेवली की नजर त्याच्या आधी तिथे जाऊन पोचते. नाक फ्रेमच्या कडेला टेकवलं की तो आपटल्यासारखा वाटतो. एकाच बाजूला झुकलेलं गवत, कड्यावर वर्षानुवर्षांच्या वाऱ्याने एकीकडेच फांद्या वाढलेलं झाड, वाळूवरच्या लाटा, ओल्या काठावर उमटत गेलेली पावलं, या सगळ्यांत हालचाल घडून गेलेली आहे आणि तिची खूण उरली आहे. असे फोटो मला फार मोलाचे वाटतात. त्यांत काळ सेकंदांचा नसतो, वर्षांचा असतो.

एकाच चित्रात अनेक क्षण मांडायचीही वाट आहे, आणि ती नवी नाही. शास्त्रज्ञ एत्येन-ज्यूल मारे यांनी १८८२ मध्ये बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा केला, जो सेकंदाला बारा चित्रं काढत असे. त्यांनी उडत्या पक्ष्याच्या एकामागोमाग एक अवस्था एकाच प्लेटवरही उतरवल्या. आज एका उड्डाणाचे आठ-दहा फोटो जोडून पक्ष्याची सगळी वाट एका चौकटीत दाखवतात, ती त्याच घराण्यातली. करा जरूर, फक्त बघणाऱ्याला ते जोडचित्र आहे हे सांगा.

जाता जाता एक सावधगिरी. आवाज न करणारा इलेक्ट्रॉनिक शटर बऱ्याच कॅमेऱ्यांत सेन्सर एकदम न वाचता ओळीने, वरून खाली वाचतो. वरची ओळ वाचून खालच्या ओळीपर्यंत येईतो पंख पुढे गेलेला असतो, आणि चित्रात तो केळीच्या पानासारखा वाकडा येतो. शटर स्पीड १/४००० ठेवला तरी हे टळत नाही, कारण दोष वाचण्याच्या वेळाचा आहे. शंका आली की यांत्रिक शटर वापरावा.

हे सगळं एका दुपारी शिकायचं असेल तर लांब जायची गरज नाही. वारा असलेल्या दिवशी गवताचा एक पट्टा शोधा, ज्यात एखादा दगड असेल. ट्रायपॉड लावा आणि तेच दृश्य १/१०००, १/६०, १/८, दोन सेकंद आणि तीस सेकंदांना काढा. मी हे केलं तेव्हा पहिल्या फोटोत वाराच नव्हता, गवत नुसतं वाकडं उगवल्यासारखं दिसत होतं. तीस सेकंदांच्या फोटोत गवत नव्हतं, हिरवी वाफ होती. १/८ ला वारा आला. मग त्याच स्पीडला मी आणखी चाळीसेक फोटो काढले, कारण एका उंच काडीच्या टोकावर चतुर येऊन बसला होता. काडी डोलत होती, तिच्याबरोबर तोही. एकोणचाळीस फोटोंत तो तपकिरी फराटा आहे. एकात काडी झोक्याच्या टोकाला पोचली होती, परतण्याआधी जरा थांबली होती, आणि शटर तेवढ्यात उघडून मिटलं. त्या फोटोत सगळं गवत वाऱ्यावर वाहून चाललंय, आणि मधोमध चतुराच्या पंखांतली जाळी मोजता येते.